तय्यब मिस्त्रीची बोटभर फट

तय्यब मिस्त्री चोर आहे, असं आमच्या गल्लीत बरीच वर्षं बोललं जायचं. चोरी कसली, तर टाइल्सची. हा माणूस कुणाच्याही घरी फर्शी बसवायला गेला की चारी भिंतींच्या कडेनं बोटभर जागा मोकळी सोडतो, त्या बोटाबोटानं वाचलेला माल पिशवीत घालून घरी नेतो, आणि त्यातूनच म्हणे त्यानं स्वतःचं अख्खं घर आतून चकचकीत करून घेतलं आहे. बातमी देणारे लोक ऐरेगैरे नव्हते. त्यातले एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, म्हणजे मोजमापात मुरलेले.

आता खरं काय ते सांगतो. तय्यबच्या घरी मी इतका चहा प्यालोय की त्यात त्याच्या सिमेंटचा माल कालवता आला असता. त्याच्या घरात कोबा आहे. नुसता सिमेंटचा कोबा, तोही उंबऱ्यापाशी उखडलेला. बोटभर रुंदीच्या चिंध्या जोडून खोलीभर फर्शी कशी करायची, हे गणित पाटबंधारे खात्याला येत असेल. आपल्याकडचे कालवे बघता यावंच लागतं. तय्यबला येत नाही. ती फट तो सोडायचा फर्शीसाठीच. उन्हाळ्यात फर्शी फुगते, थंडीत आखडते, खालचा स्लॅब वाळता वाळता आवळतो. या अंग मोडण्याला कुठंतरी जागा लागते. नाहीतर फर्शी तडकते, नाहीतर उठून बसते. वर भिंतीच्या पायथ्याशी स्कर्टिंगची पट्टी लागली की फट कुणाला दिसतसुद्धा नाही. पण पट्टी लागायच्या आदल्या दिवशीच घरमालक नेमका तपासणीला येतो, त्याला ती दिसते, आणि तो थेट पाटबंधारेवाल्यांकडं जातो.

तय्यब मूळचा भोकरचा. कामावर निघायचा तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, सायकलच्या हँडलला पातळी बघायची पाणसळ अडकवून, जसा डॉक्टर गळ्यात नळी अडकवतो तसा. कामाच्या जागी शर्ट खुंटीला जायचा, जुनी लुंगी कमरेला यायची, आणि तोंड सुरू व्हायचं. "आपल्या हातची फर्शी कशी माहितीय का भाऊ? तिच्यावर पाणी सांडा. पाणी जागेवर थांबून विचारंल, मिस्त्री, कुठं जाऊ?" न्हाणीघरात पाण्याला कुठं जायचं ते न विचारता ठाऊक असावं लागतं, हे मी त्याला एकदा म्हणालो. त्यावर तो महिनाभर माझ्याशी बोलला नाही. म्हणजे एरवीपेक्षा कमी बोलला.

सांधे भरायला त्याच्याबरोबर पारूबाई असायच्या. टाइल बसली की दोन टाइल्समधल्या रेघेत व्हाइट सिमेंट भरायचं, गोणपाटानं पुसून घ्यायचं, हे त्यांचं काम. वयानं त्याच्याहून मोठ्या. त्याला 'मिस्त्री' म्हणायच्या, पण सुरात 'गाढवा' असायचं. "मिस्त्रीच्या तोंडाला भरायचं म्हणलं तर गोणीभर सिमेंट पुरायचं न्हाई," असं त्या त्याच्यासमोरच सांगायच्या, आणि तो हसून तंबाखू पुढं करायचा.

भूकंप झाला तेव्हा तय्यब नांदेडात कुणाच्या तरी हाताखाली शहाबादी फर्शी घासत होता. पुढं किल्लारीकडं नवी गावं उभी राहायला लागली, तशी बांधकामाची माणसं चहूकडून तिकडं लोटली. त्यात हाही, नव्या नवरीला घेऊन. तिथं गुंडप्पा नावाचा शहाबादकडचा म्हातारा कारागीर होता. त्यानं याला फर्शी शिकवली. "भिंतीला टेकवू नको रे तम्मा, दोघं भांडतेत," हे त्याचं एकच व्याकरण. आणि दुसरं, स्लॅबला चीर गेली असेल तर तिच्यावर सरळ माल टाकायचा नाही. आधी डांबरी कागदाची पट्टी अंथरायची, मग माल, मग फर्शी. म्हणजे खालची चीर खालीच राहते. तय्यबनं हे पुढं स्वतःच्या नावावर केलं. "खालच्या मजल्याचं भांडण वर न्यायचं न्हाई भाऊ, हा आपला उसूल."

त्या नव्या घरांत त्यानं फर्श्या बसवल्या खऱ्या, पण त्यांच्यावर बरेच दिवस कुणी झोपलं नाही. सामान आत आणि बाजा बाहेर अंगणात. दगडमातीच्या ढिगाऱ्यातून माणसं काढलेल्या लोकांना डोक्यावर स्लॅब नको होता. त्यांना कुणी हसायचं कारण नव्हतं, आणि कुणी हसलंही नाही. हसण्याजोगे होतो ते आम्ही. आम्हा लातूरच्या लोकांची घरं जागच्या जागी उभी होती, आणि भीती मात्र आम्ही सगळ्यांच्या वाट्याची घेऊन बसलो होतो.

काय सांगू! घरोघरी ताटावर तांब्या उपडा, तांब्यावर वाटी, वाटीवर चमचा. जमीन हलली की हे पडणार आणि आपण जागे होणार, अशी योजना. आमच्या गल्लीतल्या एका मांजरीनं ही योजना इतक्या वेळा यशस्वी केली की शेजारीपाजारी एकमेकांना झोपेच्या कपड्यांवरूनच ओळखायला लागले. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक तडा होता. गुणाबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, त्याच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करून तारीख घातली. दर अमावास्येला नवी खूण. तडा जागचा हलला नाही, पण खुणा वाढत वाढत खिडकीपर्यंत गेल्या. पाहुणा घरात आला की आधी भिंती बघायचा, मग माणसं. मुलगी द्यायची असो नाहीतर खोली भाड्यानं घ्यायची असो, पहिला प्रश्न, "तडाबिडा न्हाई न्हवं?"

अशा गावात तय्यब मिस्त्री मुक्कामाला आला, आमच्या शेजारी, आणि लोकांना सांगायला लागला की घरात चारी बाजूंनी फट ठेवा. विचार करा.

त्यात बाजारात आरशासारख्या टाइल्स आल्या. दुकानदार सांगायचा, एकाला एक चिकटवा, सांधा दिसणारच नाही. फट नाही, रेघ नाही, भेग नाही. लातूरकरांनी हे ऐकलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांच्याशी इतकं प्रेमानं कुणी बोललं नव्हतं.

मग क्लासचं पीक आलं. नांदेडची पोरं लातूरला आणि लातूरची नांदेडला, अशी एकमेकांच्या गावात हुशार व्हायला जायला लागली. ज्याच्या घरावर गच्ची होती त्यानं गच्चीवर खोल्या काढल्या. मीही काढल्या. एकेका खोलीत तीन-तीन चार-चार भावी डॉक्टर ठेवले. स्लॅबच्या नावानं थरथरणारं गाव आता स्लॅबवर स्लॅब चढवत सुटलं. भीती गेली असं नाही, भाडं आलं.

सिद्धलिंग सर याच पिकातले. भौतिकशास्त्र शिकवायचे. चाकूरला एका गोदामात सुरुवात केली, आणि आता आमच्या मागच्याच रस्त्याला त्यांची तीन मजली इमारत. क्लासचं नाव सांगत नाही. लातुरातल्या सगळ्या क्लासांची नावं शिखर, गरुड, सूर्य आणि झेप यांतूनच होतात. तुम्ही कुठलेही दोन जोडून घ्या. त्या इमारतीवर सरांनी उन्हाळी बॅचसाठी नवा हॉल काढला. स्लॅब घाईघाईनं ओतलेला, वर पत्रा. या हॉलमध्ये बसणार होती सरांची स्पेशल बॅच. स्पेशल बॅचला सर स्वतः शिकवायचे. बाकीच्या बॅचेसना सरांचा फोटो.

तय्यबची मुलगी कहकशां आदल्या वर्षी दहावी झाली होती, शाळेत पहिली. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि ती डॉक्टर झाली हे तय्यबला सगळ्यांना सांगायचं होतं. दोघांची जिद्द सारखीच. पण स्पेशल बॅच भरलेली होती. तय्यब सरांच्या ऑफिसात जाऊन जाऊन तिथल्या फर्शीचे दोष पाठ करून बसला, पण जागा काही मिळेना.

आणि एक दिवस सरांनीच त्याला वर हॉलवर बोलावलं. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण इमारतीवर चढायला बोलावणं कशाला लागतं?

"मिस्त्री," सर म्हणाले, "हॉल आरशासारखा झाला पाहिजे. पालक वर आले की खाली बघून त्यांना केस विंचरता आले पाहिजेत."

"हाव, विंचरतील की सर. टकला आला तर त्याला केस बी दिसतील. फक्त दोन गोष्टी. स्लॅब अजून ओला हाय, उन्हाळा जाऊ द्या. अन् कडंनं बोटभर..."

"उन्हाळा जाऊ द्या? अहो, उन्हाळा हाच तर हंगाम. आणि कडेनं काही नको. टाइल-टाइलमध्येही रेघ नको."

"सर, वर पत्रा हाय. मे महिन्यात इथं भाकर भाजंल. फर्शी फुगली तर जाईल कुठं?"

सर हसले. स्पेशल बॅचचं हसू. "मिस्त्री, प्रसरण मला शिकवू नका. तापल्यावर धातू, दगड, सगळं पसरतं. म्हणून रेल्वेच्या रुळात फट ठेवतात. दर वर्षी फळ्यावर काढतो मी. मला सगळं कळतं. पण पालकाला कळतं का? तो भिंतीकडेची फट बघतो, मग बायकोकडं बघतो, आणि पोराचा हात धरून समोरच्या क्लासला जातो. मी फट शिकवू शकतो. ठेवू शकत नाही."

"पट्टी लावल्यावर दिसत न्हाई सर."

"पट्टी लागेपर्यंत निम्मं लातूर बघून जातं." मग सरांनी आवाज खाली आणला. "तुमची मुलगी... कहकशां ना? हुशार आहे. स्पेशल बॅचमध्ये एक जागा धरून ठेवलीय मी. हॉल झाला की ती पहिल्या बाकावर."

तय्यब बोलला नाही. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच बघत होतो, त्यामुळं मला वाटलं त्याला भोवळ आली. जिना उतरेपर्यंत मी त्याचा दंड धरून होतो.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसलो होतो. पारूबाई आल्या, त्यांना सगळं कळलेलं होतं. आमच्या गल्लीत बातमी माणसाच्या आधी पोचते.

"काय मिस्त्री, फट सोडून दिली म्हणं?"

"सोडली न्हाई, तेच तर हाय."

"अन् सांधा?"

"सांधा बी न्हाई."

"सांधाच न्हाई तर मी काय भरू? तुमचं कपाळ?"

"पारूबाई, पोरीचं हाय."

"पोरीचं हाय म्हणूनच म्हणून राहिले. त्याच फर्शीवर ती बसणार हाय न्हवं?"

तय्यबनं बराच वेळ बोटावरचं वाळलेलं सिमेंट खरवडलं. "फर्शी उठंल. पडणार न्हाई. उठलेल्या फर्शीनं माणूस मरत न्हाई." हे तो पारूबाईंना सांगत होता की स्वतःला, ते कळलं नाही. मी म्हणालो, "मिस्त्री, तुम्ही आता तोंड बंद ठेवायला शिकलात, हेच पुष्कळ झालं." एरवी या टोमण्यावर त्यानं मला कर्नाटकच्या हद्दीपर्यंत पिटाळलं असतं. तो नुसता उठून गेला.

त्यानं फर्शी बसवली. देखणी बसवली, यात वाद नाही. भिंतीला भिडलेली, एकीला एक चिकटलेली, मध्ये सुई जाणार नाही. काम चालू होतं तेवढे दिवस त्यानं एकही बढाई मारली नाही. गल्लीत काळजीचं वातावरण. गुणाबाईंनी नाझनीनभाभींना, म्हणजे त्याच्या बायकोला, विचारलंसुद्धा, "घशाचं काही दुखणं आहे का?" हॉल झाला, सरांनी खाली बघून खरोखरच केस विंचरले, आणि कहकशां पहिल्या बाकावर बसली. नाझनीनभाभींनी ईद नसताना शिरखुर्मा वाटला. आम्ही खाल्ला. तय्यबनं खाल्ला नाही. म्हणाला, गोड सोसत नाही.

मे महिना उजाडला. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि पत्र्याखाली मात्र स्पेशल बॅच खच्चून बसलेली. मी जेवून आडवा झालो होतो. एकदम आवाज झाला. ट्रकचं टायर फुटावं आणि त्याच्या धक्क्यानं कपाटभर काचेची भांडी खाली यावीत, तसा. आणि पाठोपाठ कुणीतरी ओरडलं, "भूकंप!"

हा शब्द लातुरात मोठ्यानं म्हणायचा नसतो. क्षणभरात सगळा रस्ता माणसांनी भरला. आमच्या मंडळी मला ओलांडून बाहेर गेल्या. इतक्या वर्षांचा संसार. जाताना त्यांनी आठवणीनं गॅस बंद केला, नवऱ्याला उठवायचं तेवढं राहून गेलं. पाटबंधारेवाले चौकात उभे राहून रिश्टरचा आकडा सांगत होते, आणि कुणी विचारलं की तो वाढवत होते. चाकूरला फोन, निलंग्याला फोन. निलंग्याच्या माणसांनी तर धक्का जाणवल्याचंही सांगितलं. फोन गेला आहे म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं!

सगळे सरांच्या इमारतीपासून लांब पळत होते. एकटा माणूस इमारतीकडं पळत होता. तय्यब. पलीकडच्या गल्लीत काम चालू होतं, तिथून आला होता. लुंगी गुडघ्यांवर, हात कोपरापर्यंत मालानं माखलेले, चेहरा चुन्यासारखा. ओरडत नव्हता, कुणाला विचारत नव्हता. भूकंप कुठं झालाय हे गर्दीत त्याला एकट्यालाच माहीत होतं, आणि कुणी केलाय तेही. मी एका पायात चप्पल घालून त्याच्या मागं धावलो.

जिना अरुंद. पोरं वरून लोंढ्यासारखी येत होती, एकमेकांच्या पाठीवर. तय्यब भिंतीला चिकटून त्या लोंढ्यातून वर घुसला. मी खालीच कठड्याला धरून उभा. आणि वरून आवाज येत होता, कडक, शाळेतल्या बाईसारखा: "थांबा! फर्शी हाय, फर्शी! भूकंप न्हाई! एकेक उतरा!"

कहकशां हॉलच्या दारात चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी होती. मागच्या पोरी तिला ढकलत होत्या, रडत होत्या, एकीनं तिची ओढणी फाडली. पण पुढचा जिना मोकळा होईपर्यंत ही दारातून हलली नाही. नंतर एकेकीला सोडलं. तिनं दार सोडलं असतं तर त्या अरुंद जिन्यात काय झालं असतं, ते मला इथं लिहायचं नाही. कोपरं खरचटली, एकाचा चष्मा गेला, एवढ्यावर निभावलं.

मी वर पोचलो तेव्हा तय्यबनं पोरीला दोन्ही हातांनी धरलं होतं, तिच्या पांढऱ्या ड्रेसवर सिमेंटचे पंजे उमटले होते. हॉलच्या मधोमध टाइल्सची एक लांब रांग दोन्हीकडून एकमेकींना रेटून तंबूसारखी उभी राहिली होती. खाली हात घातला तर गरम हवा लागत होती.

तेवढ्यात सर आले, हातात खडू तसाच. मागून पालक. "काय झालं? स्लॅब? स्लॅब गेला का?"

कहकशां म्हणाली, "न्हाई सर. प्रसरण. फट सोडली न्हाई ना."

तिच्या तोंडून पहिल्या बाकावरच्या पोरीचं उत्तर आलं, बरोबर आलं, आणि सगळ्या पालकांनी ऐकलं. मार्क मात्र मिळाले नाहीत.

त्या दुपारपासून पालकांचा एकच प्रश्न: फर्शी उठते म्हणजे इमारतच कच्ची आहे का? आणि फट सोडली नाही, तर का सोडली नाही? दोन जणांनी पोरांचं सामान बांधलं. समोरच्या क्लासनं तोवर दारात 'आमची इमारत भूकंपरोधक' असा फलक लावलासुद्धा. सरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या पार्किंगमध्ये पालकांची सभा ठेवली.

दिवेलागणीला सर तय्यबच्या घरी आले. कोब्यावर चटई टाकली, तिच्यावर बसले. मी होतोच, चहाची वेळ होती.

"मिस्त्री, झालं ते झालं," सर म्हणाले. "इमारत पक्की आहे, हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. लोकांना फक्त एक चूक करणारा माणूस पाहिजे. उद्या एवढंच म्हणा, घाई होती, फट सोडायला मी विसरलो. मिस्त्रीची चूक. मी सगळ्यांसमोर माफ करतो. मुलगी आहे तिथंच बसेल, पहिल्या बाकावर."

"अन् न्हाई म्हणलो तर?"

"मी कुठं काय म्हणतोय? पण स्पेशल बॅचसाठी बाहेर रांग किती आहे, ते तुम्ही बघितलंय."

सर चहा न घेता गेले. तय्यब भिंतीला टेकून बसला. विसरलो म्हणायचं. जो माणूस वीस वर्षं भेटेल त्याला फट, फट म्हणून पिसाळून सोडत होता, ज्याला गल्ली चोर म्हणाली तरी ज्यानं बोटभर जागा ठेवायचं थांबवलं नाही, त्यानं चारचौघांत म्हणायचं की मी फटच विसरलो. मी म्हणालो, "मिस्त्री, सोपं आहे. हलवायानं साखर विसरलो म्हणावं, तसं." तो हसला नाही.

आतून कहकशां म्हणाली, "अब्बा, तुम्ही विसरला न्हवता."

"तू अभ्यास कर."

पारूबाई दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मिस्त्री, म्हणा विसरलो. तुमच्या नावाचं काय लोणचं घालायचंय? पोरीला बसू द्या." आधी नको नको म्हणणाऱ्या त्याच. पण पोरगी आता बाकावर बसली होती, तिला उठवायचं त्यांच्या जिवावर आलं.

"तुम्ही माझ्या जागी असत्या तर?" तय्यबनं विचारलं.

"मी तुमच्या जागी असते तर सांधा ठेवला असता," पारूबाई म्हणाल्या.

सकाळी पार्किंग भरून गेलं. पाटबंधारेवालेही आले होते. त्यांचं कुणी क्लासला नव्हतं, पण विषय जमिनीचा होता. तय्यब इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. पाणसळ आणली नव्हती. कहकशां पोरींच्या घोळक्यात भिंतीला लागून उभी. सरांनी सुंदर भाषण केलं. इमारत, विश्वास, निकाल, कुटुंब. कामगार हाही माणूसच असतो, चुकतो. मग तय्यबच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, पालकांना तुमच्या तोंडानं सांगा. चूक कुणाची?"

तो काय बोलला ते शेवटी सांगतो. पुढं काय झालं ते आधी ऐकून घ्या, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. त्याच संध्याकाळी कहकशांचं नाव स्पेशल बॅचमधून गेलं. ती मागच्या गल्लीत एका साध्या शिक्षकाकडं, पत्र्याच्या शेडमध्ये शिकली. तिथं खाली मातीच होती. मेडिकल थोडक्यात हुकलं, डेंटलला लागली. फलकावर 'डॉक्टर' लिहायला तेवढं पुरतं. निकालाच्या दिवशी तिचा फोटो सरांच्या फलकावर झळकला, आणि आणखी दोन क्लासांच्या फलकांवरही, ज्यांच्या समोरून ती फक्त रस्त्यानं जायची. सरांनी हॉलवर गालिचा टाकला. तय्यबला महिना-दोन महिने कुणी काम दिलं नाही. नंतर लोक आपणहून यायला लागले आणि फट मागायला लागले, दिमाखानं. एक जण तर म्हणाला, शेजाऱ्यापेक्षा जरा रुंद ठेवा.

तर, सभा. सरांचा हात अजून तय्यबच्या खांद्यावर होता. तय्यबनं एकदा पोरीकडं बघितलं. मग पालकांकडं वळून, आवाज न चढवता म्हणाला:

"हाव, चूक माझीच हाय. सर म्हणले फट नको, अन् मी पोरीच्या सीटपायी हाव म्हणलो."